त्रेगुऱ्याचं जावळ

मोरेश्वर खांबेट्यांना माणूस भेटला की त्याचं मूळ गाव काढल्याशिवाय चैन पडत नसे. स्वतः मूळचे गुहागरजवळचे, वाढले डोंबिवलीत, पस्तीसएक वर्षं प्लास्टिकच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून काढली ती मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि आता रिटायर होऊन श्रूजबरीत घराभोवतीचं गवत कापत होते. पण चौकशीचा रोग कोकणातूनच बरोबर आलेला. नवीन मराठी जोडपं देवळात दिसलं की आडनाव, मग गाव, मग कुलदैवत, आणि मग कुठल्यातरी चुलत आतेभावाच्या साडूपर्यंत धागा नेऊन भिडवणार. मराठी माणसांचं एक वेळ ठीक आहे. हा गृहस्थ पिझ्झावाल्यालाही सोडत नसे.

"अहो, तुम्ही डेंटिस्टकडे दात दाखवायला गेला होतात की सोयरीक जमवायला?" कांचनताई म्हणायच्या. "तो बिचारा ड्रिल हातात घेऊन उभा, आणि हे विचारतायत, आजोबा पोलंडमधल्या कुठल्या गावचे!"

"मग? सांगितलं ना त्यानं. खूश झाला."

"खूश नाही झाला. पुढचा पेशंट वेट करत होता."

तर अशा माणसाच्या शेजारी २००५ सालच्या वसंतात एक अल्बेनियन कुटुंब राहायला आलं. म्हणजे मोरेश्वररावांची दिवाळीच. मुलगा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरी कमीच. सून मिरेला एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती. आणि सत्तरी ओलांडलेला सासरा, रेफात, दिवसभर मागच्या अंगणात मिरच्या आणि घेवडा लावत असायचा. त्याच्या पायात घुटमळणारं एक तीनेक वर्षांचं पोर होतं, लुआन, केस पार कमरेपर्यंत.

"तुमची नात गोड आहे हो," मोरेश्वरराव पहिल्याच दिवशी झुडपांवरून म्हणाले.

रेफात हसला. त्याचं इंग्रजी तुटकं होतं, पण बोलायची हौस दांडगी. "नातू आहे," तो म्हणाला. "केस कापायचे राहिलेत."

बस. असं वाक्य मोरेश्वररावांसमोर टाकायचं म्हणजे मांजरासमोर दुधाची वाटी ठेवण्यातला प्रकार. राहिलेत म्हणजे? का राहिले? कुणी कापायचे असतात? ते झुडपं ओलांडून सरळ वाफ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि रेफातला हातातलं खुरपं खाली ठेवावं लागलं.

रेफातचं गाव त्रेगुरा. अल्बेनियाच्या दक्षिणेला, डोंगरात. वरची वाडी मुसलमानांची, खालची वाडी ख्रिश्चनांची, मधे ओढा. आणि रीत अशी की वरच्या वाडीतल्या मुलाचे पहिले केस खालच्या वाडीतल्या माणसानं कापायचे. धर्म दुसरा हवा, घर दुसरं हवं, रक्त दुसरं हवं. ज्यानं केस कापले तो त्या घराचा कुंबार. आपल्या कुंभाराशी त्याचा काही संबंध नाही. कुंबार म्हणजे मानलेला सोयरा, पण सख्ख्यापेक्षा घट्ट. तो लग्नाला पहिला येणार, मयताला खांदा देणार. दोन्ही घरांत भांडण पेटलं तरी एकमेकांवर हात उचलायचा नाही.

"आमच्यात पण जावळ काढतात!" मोरेश्वरराव आनंदानं ओरडलेच. "अगदी सेम! फक्त आमच्यात घरचाच माणूस लागतो."

"घरचा?" रेफातनं तोंड वाकडं केलं. "मग त्याचा उपयोग काय?"

मोरेश्वररावांनी विषय मिरच्यांकडे वळवला. असं क्वचित व्हायचं.

त्या उन्हाळ्यात ते रोज तिकडे जाऊ लागले. चहा आपला, मिरच्या त्याच्या. रेफात बोलायचा आणि मोरेश्वरराव त्याला मागे मागे नेत राहायचे, त्याच्या आधी कोण, त्याच्याही आधी कोण. लहानपणी खालची वाडी गजबजलेली होती, रेफात सांगायचा. घंटाही वाजायची, बांगही व्हायची. मग कम्युनिस्ट सरकारनं एका फटक्यात दोन्ही बंद केली. चर्चमध्ये मक्याची कणसं साठवली, मशिदीत खेचरं बांधली. तेव्हा गंमत अशी झाली की धर्म कुणालाच नव्हता, पण जावळं मात्र गुपचूप चालू होती. मग राजवट पडली, सरहद्द उघडली. ग्रीसमध्ये ख्रिश्चनांना कागद लवकर मिळायचे, म्हणून आधी खालची वाडी निघून गेली, घरंच्या घरं. पाठोपाठ वरच्या वाडीतली तरुण पोरं इटलीला. रेफातच्या मुलाला व्हिसाची लॉटरी लागली, ते इकडे.

"मग आता कोण आहे गावात?"

"उत्तरेकडून आलेली माणसं. त्यांचं बोलणं मला अर्धं कळत नाही. मशीद नवी बांधली, मोठी. चर्चचंही छप्पर नवं केलं कुणीतरी बाहेरून पैसे पाठवून. पण आत जायला ख्रिश्चन माणूस नाही. एक म्हातारी होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली." रेफातनं घेवड्याची शेंग मोडली. "जावळ काढायला गावात आता कुणी उरलं नाही, मोरे. सगळे एकाच धर्माचे. गाव आहे, पण लंगडं."

तो मोरेश्वररावांना 'मोरे' म्हणायचा. कंपनीतले गोरेही तेच म्हणायचे, त्यामुळे त्यांना सवय होती.

लुआनच्या केसांचा प्रश्न मात्र दिवसेंदिवस तापत चालला होता. मिरेला वैतागली होती. सप्टेंबरमध्ये पोराची शाळा सुरू होणार होती. पार्कमध्ये सगळे त्याला मुलगी समजत, रोज आंघोळीनंतर विंचरताना घरात आकांत. "ऑगस्ट संपायच्या आत नाही झालं, तर मी त्याला मॉलमध्ये नेणार आहे," तिनं सासऱ्याला सांगून टाकलं होतं. "तिथे कार्टून लावतात आणि लॉलीपॉप देतात."

"पण तुमच्या घराचा कुंबार आहे तरी कुठे?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"थानास?" रेफातनं हातानंच पश्चिम दाखवली. "ग्रीसहून इथेच आला, वुस्टरला."

म्हणजे गाडीनं दहा-बारा मिनिटांवर! थानासच्या आजोबांनी रेफातच्या वडिलांचे केस कापले होते, वडिलांनी रेफातचे, आणि स्वतः थानासनं रेफातच्या मुलाचे. आणि आता तो येत नव्हता. रेफातनं दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा दार बंद.

कारण साधं होतं. थानास गाव सोडून गेल्यावर त्याचं दगडी घर रिकामं पडलं, आणि रेफातचा चुलतभाऊ त्यात घुसला. विचारलं नाही, कळवलं नाही. कुलूप तोडून संसार मांडला. "मी इकडे, तो तिकडे. मी काय करणार होतो?" रेफात म्हणाला. मग मिरच्यांना पाणी घालता घालता पुढे बोलला. "माझी छाती बरी नाही. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन. त्याच्या आधी एवढं व्हावं. पोराला मॉलमध्ये नेलं तर झालंच, दोन घरं सुटली एकमेकांपासून. मग पुन्हा जोडणारं कुणी नाही."

मोरेश्वरराव घरी आले ते कंबर कसूनच.

"तुम्हाला कुणी सांगितल्यात लष्कराच्या भाकऱ्या?" कांचनताई म्हणाल्या. पण नारळाच्या वड्या त्यांनीच डब्यात भरून दिल्या.

थानास एका तिमजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर एकटाच राहत होता. दार अर्धवट उघडून त्यानं आधी डबा पाहिला, मग माणूस. रेफातचं नाव काढताच दार मिटायला लागलं. तेव्हा मोरेश्वररावांनी दुसरं काही न सुचून आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "त्रेगुऱ्यात तुमचं घर ओढ्याच्या कुठल्या बाजूला?"

दार थांबलं.

या देशात इतकी वर्षं काढून थानासला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या पोरांनी नाही, चर्चमधल्यांनीही नाही. चर्चमधले तर इथेच जन्मलेले, त्यांना अल्बेनिया म्हणजे उत्सवातला नाच आणि पालक भरलेली पेस्ट्री. मोरेश्वरराव तासाभराने निघाले तेव्हा डबा रिकामा होता. नंतर ते पुन्हा गेले, आणि पुन्हा. जावळाचा विषय दरवेळी काढायचा आणि दरवेळी थानासनं तो कॉफीच्या कपाबरोबर उचलून न्यायचा. पण घराबद्दल बोलायचा. भिंती कुणी रचल्या, अंगणातला अक्रोड कुणी लावला. अक्रोडाचं लाकूड आमच्या घरात चुलीत घालत नाहीत, तो सहज म्हणाला. फांदी पडली तर पुरतात.

मोरेश्वररावांचा कप हवेतच राहिला. हेच वाक्य त्यांनी ऐकलं होतं. रेफातनं शेकोटी पेटवताना मिरेलाला ओरडून एक ओंडका बाहेर काढायला लावला होता. अक्रोड आमच्यात जाळत नाहीत, का ते माहीत नाही, बापजाद्यांपासून आहे.

"त्रेगुऱ्यात सगळेच नाही का जाळत?"

"छे! बाकीचे खुशाल जाळतात. हे आमच्याच घरचं."

आता हे ऐकून दुसऱ्या कुणी कॉफी संपवली असती. पण मराठी माणसाला देवक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ज्या दोन घराण्यांचं झाड एक, ती घराणी मुळात एक. त्यांच्यात लग्न होत नाही, कारण ती भाऊबंद. मोरेश्वररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी थानासला खोदून विचारलं, सगळ्यात जुना पुरुष कोण? ग्योन, थानास म्हणाला. त्याला मुलगे दोन. धाकट्याचा आमचा वंश. आणि थोरला? थानास उठून खिडकी लावायला गेला. वारा नव्हता.

रेफातकडे उलटतपासणी झालीच. वरच्या वाडीतलं त्यांचं पहिलं घर कुणी बांधलं? खालून ओढा ओलांडून आलेल्या एका माणसानं, तुर्कांच्या वेळी. का ओलांडला? रेफातनं खांदे उडवले.

"कांचन, दे आर ब्रदर्स!" मोरेश्वरराव स्वयंपाकघरात नाचायचेच बाकी होते. "थोरला मुसलमान झाला आणि वर गेला, धाकटा खाली राहिला. तीनशे वर्षं एकमेकांना परके समजून जावळं काढतायत! कळलं की भांडण संपलंच म्हण. भावाचं घर भावानं वापरलं, काय झालं मोठं!"

"आपल्याकडे भावाभावांची भांडणं संपतात वाटतं?" कांचनताई भांडी पुसत म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसा. त्यांचं त्यांना बघू दे."

गप्प बसणं मोरेश्वररावांना जमलं असतं तर ही गोष्ट झाली नसती.

ऑगस्टच्या शेवटी शेवटी त्यांनी थानासला लुआनचा फोटो दाखवला आणि मॉलबद्दल सांगितलं. थानासनं फोटो लांब धरून पाहिला. "कान त्याच्या पणजोबाचे आहेत," तो पुटपुटला. मग म्हणाला, "पोरानं माझं काही बिघडवलेलं नाही. शनिवारी येईन. केस कापीन आणि निघेन. जेवणार नाही."

रेफातला हे सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यानं भर अंगणात मोरेश्वररावांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

शनिवारी मिरेलानं अंगणात खुर्ची मांडली. पाण्याचा वाडगा, त्यात फुलं, बाजूला लाल फीत बांधलेली कात्री. थानास काळा सूट घालून आला, उन्हात घामानं निथळत. रेफात पुढे गेला. दोघांनी हात मिळवले आणि मिनिटभर कुणीच सोडला नाही. कांचनताईंचे डोळे भरून आले. लुआनला खुर्चीवर बसवलं, थानासनं कात्री उचलली आणि पोराची एक बट बोटांत धरली.

आणि मोरेश्वररावांना राहवलं नाही. इतका आनंद एकट्यानं किती वेळ पोटात ठेवायचा!

"एक मिनिट!" ते म्हणाले. "मला एक गोष्ट सांगायची आहे. गुड न्यूज!" आणि त्यांनी सगळं सांगितलं. अक्रोड, ग्योन, दोन मुलगे, ओढा. "तुम्ही परके नाहीच आहात! तुमचं मूळ एक आहे. तुम्ही सख्खे भाऊबंद आहात!"

टाळ्या पडतील असं त्यांना खरंच वाटलं होतं. मिरेला अर्ध्यात भाषांतर करायची थांबली. थानासनं बट सोडली आणि कात्री हळूच वाडग्याशेजारी ठेवली. रेफात मटकन पायरीवर बसला.

"काय झालं?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"आपल्या रक्ताचे केस आपण कापत नाही," थानास म्हणाला. "ते पाप आहे. पहिल्या दिवशीच सांगितलं असेल यानं तुम्हाला."

"पण... म्हणजे तुम्हाला हे माहीतच नव्हतं ना?"

थानास त्यांच्याकडे रागानंही बघत नव्हता. दमल्यासारखा बघत होता. "त्रेगुऱ्यात कुणाला माहीत नाही? माझ्या बापाला माहीत होतं, याच्या बापाला माहीत होतं. बोललं कुणी नाही. धर्म बदलला आणि भाऊ म्हणून एकमेकांच्या दारात जायची चोरी झाली, तेव्हा कुणीतरी शहाण्यानं कुंबार म्हणून जायची सोय केली. बोललं नाही तोवर सगळं चालत होतं. आता तुम्ही बोललात. इतक्या जणांसमोर."

मोरेश्वररावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. एवढी वर्षं दुसऱ्यांची मुळं उकरण्यात त्यांनी घालवली, पण उकरलेलं झाड वाळतं हे साधं माळीकाम त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. लाज वाटली, खूप वाटली. रेफात छातीवर हात ठेवून बसला होता आणि त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. थानास कोट झटकून गाडीच्या दिशेनं निघालाही.

"जस्ट अ मिनिट, भाऊ," कांचनताई म्हणाल्या. 'भाऊ' मराठीत, बाकी इंग्रजीत, आणि आवाज असा की थानास थांबला. "आमच्यात पोराचं जावळ काढतात तेव्हा ते मामाच्या मांडीवर बसतं. मामा घरचाच असतो. तो कापत नाही, नुसता धरून बसतो. पोरं घाबरतात ना. कापतो दुसराच कुणीतरी."

मग मिरेलानं सासऱ्याला ते त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि रेफातनं मान वर केली. त्यानं थानासकडे पाहिलं, मग वळून मोरेश्वररावांकडे. धर्म दुसरा. घर दुसरं. रक्ताचा तर प्रश्नच नव्हता.

"मी?" मोरेश्वरराव म्हणाले.

"नीट ऐक, मोरे," रेफात म्हणाला. "हे एका दुपारचं काम नाही. कात्री लावलीस की तू आमचा. या पोराच्या लग्नात तू पहिला. मी मेलो की पुढचा खांदा तुझा. माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, म्हणून आत्ताच सांगतो. नको असेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही."

मोरेश्वररावांनी कांचनताईंकडे पाहिलं. नेहमी पाहायचे ते परवानगीसाठी. आज नुसतेच पाहत राहिले.

"कापा आता," त्या म्हणाल्या. "घातलाय ना घोळ? मग निस्तरा."

थानास सावकाश परत आला. कोट काढला, खुर्चीवर बसला आणि हात पुढे केले. लुआनला त्याची ओळख ना पाळख, तरी ते पोर त्याच्या मांडीवर चढलं आणि त्याच्या टायशी खेळायला लागलं. पहिली बट कापताना मोरेश्वररावांची कात्री दोनदा निसटली. तिसऱ्या बटेला लुआननं भोकाड पसरलं. थानासनं त्याला छातीशी घट्ट धरलं आणि कानात काहीतरी गुणगुणायला लागला. ते ऐकून पायरीवरचा रेफातही त्याच सुरात ओठ हलवू लागला.

बाकीचे केस मिरेलानं साफ केले. पोर एकदम मुलगा दिसायला लागलं. पणजोबाचे कान चांगलेच बाहेर आलेले होते.

थानास गेला नाही. मिरेलानं ताट पुढे ठेवलं तेव्हा त्यानं ते बाजूला सारलं नाही, पण बराच वेळ हातही लावला नाही. पँटवर सगळीकडे बारीक केस चिकटलेले, तेही झटकले नाहीत. लुआन मांडीवरच झोपून गेला होता. मग तो रेफातशी त्यांच्या भाषेत बोलू लागला, खालच्या आवाजात, थांबत थांबत. रेफात एकेक शब्दात उत्तर देत होता. बोलता बोलता थानासचा आवाज फाटला.

"काय म्हणतो तो?" मोरेश्वररावांनी मिरेलाला हळूच विचारलं.

मिरेलानं डोळे पुसले. "ते म्हणतायत, आठ वर्षं माझ्या घरात परका माणूस राहतोय म्हणून मी सुखानं चिडत होतो. आता तो माझाच आहे हे सगळ्यांसमोर बोललं गेलं. आता हा राग मी नेऊ कुठे?"

थानासनं ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि आणखी काहीतरी म्हणाला. या वेळी त्याचा आवाज साधा होता.

"आता काय?"

"म्हणतायत, त्या चुलतभावाला फोन कर," मिरेला म्हणाली. "छपराच्या उत्तरेकडच्या दगडी फरश्या सैल झालेल्या असतील. बर्फ पडायच्या आत बसवून घे म्हणावं, नाहीतर पोरांच्या अंथरुणावर गळेल."